दोन राज्यांची पोर

माझ्या नवऱ्याने मला पहिल्यांदा मारलं ते जेवणाच्या डब्याने. कंपनीची बस सुटायला आली होती आणि डबा भरायला मला उशीर झाला, एवढंच कारण. स्टीलचा डबा कानाखाली बसला, झाकण उघडलं आणि गरम आमटी मानेवरून पाठीत उतरली. मला माराचा राग नंतर आला, आधी आमटीचा आला, कारण ती मी पहाटे उठून केली होती. मी तोच डबा उचलला आणि त्याच्या नाकावर हाणला. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे त्याच्या वकिलाने भर कोर्टात वाचून दाखवलं, की अर्जदाराची पत्नी स्वभावाने हिंसक आहे. ते काही खोटं नव्हतं. पहिला डबा कुणी उचलला, तेवढं मात्र त्यात लिहिलेलं नव्हतं.

मी रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातली. वडील बर्फाच्या कारखान्यात, आई जेटीवर मासळीच्या लिलावात. नवरा आमच्याच जिल्ह्यातल्या खेडच्या आतल्या गावचा, शेतकरी घरातला, लोट्याला केमिकल कंपनीत पाळ्या करणारा. लग्नानंतर कंपनीने त्याला गुजरातेतल्या कारखान्यात पाठवलं आणि आम्ही तिकडे कॉलनीतल्या दोन खोल्यांत राहायला गेलो. मुलगी तिथेच चालायला लागली, तिथेच बालवाडीत गेली. तिकडे माझं असं कुणी नव्हतं. भांडणाचा आवाज भिंतीपलीकडे गेला की शेजारीण टीव्ही मोठा करायची.

मी गरीब गाय नव्हते. त्याने एक दिली की मी दोन परत करायची. त्याच्या दंडावर माझे दात उमटलेले होते आणि माझ्या बरगडीत त्याचा गुडघा. असं वर्षानुवर्षं चाललं असतं. पण एका संध्याकाळी तो पट्टा काढून माझ्यावर धावला आणि मुलगी मध्ये आली. बक्कल तिच्या ओठावर बसलं. ओठ फाटला, दुधाचा एक दात तिच्या फ्रॉकवर पडला. ती रडली नाही. तो दात चिमटीत धरून तिने माझ्याकडे बघितलं, आता याचं काय करायचं, अशा नजरेने. त्या दिवशी मी परत मारलं नाही. तो रात्रपाळीला गेला आणि मी पोरीला खाकोटीला मारून मिळेल त्या गाडीने रत्नागिरी गाठली.

वडिलांनी पोरीचा ओठ बघितला आणि कारखान्यात कामाला निघून गेले. आई तोवर वारली होती. तिची टोपली कोपऱ्यात पालथी होती, ती मी उचलली आणि जेटीवर उभी राहिले. लिलावात आवाज लागतो. माझा आवाज असा, की ट्रॉलर धक्क्याला लागायच्या आत मी बोलायला लागले की बाकीच्या बायका कपाळाला हात लावायच्या. पोरीला म्युनिसिपालटीच्या शाळेत घातलं. ती ओठावरची शिवण जिभेने चाचपत पाढे म्हणायची.

मग मी वकील गाठला, पोरीचा ताबा माझ्याकडेच राहावा म्हणून अर्ज करायला. म्हातारे, चष्मा कपाळावर, बोलण्यात मिठाचा खडा. ते म्हणाले, "कायदा पहिलं विचारतो, मूल नेहमी राहतं कुठे? ज्या कोर्टाच्या हद्दीत राहतं, तिथेच अर्ज."

"माझ्या कुशीत राहतं."

"बरं. ही कूस कुठल्या जिल्ह्यात येते, तेवढं सांगा."

आम्ही रत्नागिरीत अर्ज केला तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं, की त्याने आधीच तिकडे, गुजरातेत अर्ज ठोकलेला आहे. मूल जन्मापासून तिकडे राहतं, आईने फूस लावून पळवलं, घरी सांभाळायला आजी आहे. आजी म्हणजे माझी सासू. ती आयुष्यात एकदा गुजरातेत आली होती, आठ दिवस राहिली आणि पाणी गोडं नाही म्हणून परत गेली. तिची गाय, तिची काजूची कलमं, तिचं दार सोडून ती कुठे राहणारी नव्हती. पण कागदावर ती तिकडे होती.

मग दोन हुकूम निघाले. आमच्या कोर्टाने सांगितलं, निकाल लागेपर्यंत मुलगी आईकडे. तिकडच्या कोर्टाने माझ्या गैरहजेरीत सांगितलं, मुलगी बापाच्या ताब्यात द्या. एक दिवस तो आपला हुकूम घेऊन मिरकरवाड्यात आमच्या दारात आला, बरोबर कंपनीतले दोन मित्र. वडील नुकते कामावरून आले होते. बर्फाची लादी ओढायचा लोखंडी आकडा त्यांच्या हातातच होता. नवरा उंबऱ्यावर चढला तसा तो आकडा त्याच्या शर्टात अडकला आणि शर्ट गळ्यापासून बेंबीपर्यंत उभा फाटला. आतल्या कातडीवर एक लाल रेघ उठली. वडील एवढंच म्हणाले, "पुढच्या खेपेला आत घालीन." मला त्या वेळी फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

प्रकरण पोलीस ठाण्यात गेलं. हवालदाराने आमचा हुकूम वाचला, त्याचा वाचला, दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. "दोन्हींवर शिक्के हायत," तो म्हणाला आणि चहा सांगायला उठला. दोन राज्यं, दोन कोर्टं, आणि बाकड्यावर पाय हलवत बसलेली एक पोर. वकील म्हणाले, हे दोन खटले एका ठिकाणी आणायचे तर दिल्लीला सुप्रीम कोर्टात अर्ज करावा लागतो आणि दिल्ली काही हातखंब्याच्या नाक्यापलीकडे नाही. तोवर ज्याच्या हातात मूल, त्याचा जोर. "हात सोडू नका," असं ते मला दर तारखेला बजावायचे.

आणि मग शिमगा आला.

शिमग्याला आमच्याकडे गावदेवीची पालखी देवळातून निघते आणि घरोघर येते. वर्षभर माणसं देवीच्या दारात जातात, या दिवसांत देवी माणसांच्या दारात येते. मुंबईचे, पुण्याचे, कुठले कुठले लोक नोकऱ्यांवर लाथ मारून गावी येतात, कारण पालखी आली आणि घराला कुलूप, याच्यासारखी नामुष्की नाही. भावाभावांत कोयते निघालेले असले तरी पालखी अंगणात असेपर्यंत कुणी कुणाला बोट लावत नाही. असं मी लहानपणापासून ऐकत आले होते.

सासूचा फोन आला. "गो, देवी घरात येनार. नातीला घिऊन ये. तिच्या हातून वटी भरायचीय, तिच्या जन्माला मी बोललेली हाय. तुजं नि त्याचं काय ता कोडतात बगा."

"तुमचा लेक असेल तिथे."

"असंल. पन देवी दारात असताना कोन हात लावनार नाय. माजी जबान हाय तुला."

वकिलांना मी विचारलंच नाही. विचारलं असतं तर त्यांनी चप्पल काढली असती. वडील म्हणाले, कोर्टाचं कोर्टात, देवीचं देवीकडे, जाऊन ये. आम्ही दोघंही देवाला भिणारी माणसं, आणि समोरचाही भीत असेल असं धरून चाललो. पोरीला हिरवं परकर-पोलकं घातलं आणि मी सरळ वाघाच्या गुहेत, सासरच्या अंगणात गेले.

पालखी आली तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. ढोल असे वाजत होते की छातीच्या आत काहीतरी हलायचं. पालखी खांद्यांवर नाचायला लागली, सगळे वर बघत होते. पोर माझा डावा हात धरून होती. अचानक तिचा हात ताणला गेला. नवरा पलीकडून आला होता आणि तिचा दुसरा हात धरून ओढत होता. मी ओरडले. जेटीवर ट्रॉलरच्या इंजिनावर मात करणारा माझा आवाज, त्या ढोलांत तो माझा मलाच ऐकू आला नाही. मी त्याच्या मनगटाला चावले, त्याने कोपराने माझ्या डोळ्यावर मारलं. मी ओढलं, त्याने ओढलं. पोर आमच्या मध्ये जमिनीवरून उचलली गेली. तिचं तोंड उघडं होतं आणि आवाज नव्हता. मग तिच्या कोपरात काहीतरी कट्‌कन वाजलं. ऐकू आलं नाही, माझ्या बोटांना कळलं.

मी हात सोडला.

शाळेत ती गोष्ट सांगायचे, दोन बायका एका मुलासाठी भांडतात, राजा म्हणतो ओढा, आणि जी सोडते ती खरी आई. मी सोडला. पण राजा कुठे होता? अंगणाच्या दगडी गडग्याच्या मागे गाडी उभी होती. तो पोरीला काखेत दाबून गेला, आणि अंगणातले निम्मे लोक अजून पालखीकडेच बघत होते. गोष्टीत सोडणाऱ्या आईला मूल मिळतं. मला पुढची तारीख मिळाली.

पोलीस म्हणाले, बापाने नेलंय बाई, त्याला पळवणं कसं म्हणायचं, आणि त्याच्याकडे तिकडचा हुकूम आहे. दोन दिवसांनी तो आपल्या आईलाही घेऊन गेला, पोरीला सांभाळायला. आता कागदावर होतं तसंच प्रत्यक्षात झालं होतं. मूल गुजरातेत, आजी गुजरातेत. मला वाटलं, म्हातारीने ठरवून मला फसवलं. मी तिला इतके शाप दिले की मासळी नासली असती.

मी तिकडे गेले. कॉलनीच्या वॉचमनला चुकवून जिना चढले आणि दार ठोठावलं. दार त्यानेच उघडलं. आत, त्याच्या मागे, पोर हाताला प्लॅस्टर घालून सासूला चिकटून उभी होती. मी चौकटीला धरून आत घुसणार, तोच त्याने दार लोटलं. उजव्या हाताची तीन बोटं फटीत राहिली. त्याने ती बघितली आणि दाराला खांदा लावला. माझी किंकाळी तीन मजले उतरून गेली असेल. दार उघडलं ते बोटं काढून घेण्यापुरतं, मग कडी लागली. जिन्यावर बसून मी ती बोटं तोंडात धरली. आतून म्हातारीचा आवाज आला, ती कुणाला तरी सांगत होती, "बगू नको, तकडं बगू नको." नखं काळी पडून गळून गेली. मधलं बोट अजून वाकत नाही, लिलावात पैसे मोजताना आड येतं.

तिकडच्या कोर्टात मी तारखांना गेले. मला तिकडची भाषा तोडकीमोडकी समजायची. त्याचा वकील म्हणायचा, मुलीचा हात आईनेच ओढून मोडला. आमचा वकील आमच्या कोर्टात म्हणायचा, बापाने मोडला. पोरीच्या एका कोपरावर दोन राज्यांत दोन अर्ज. एकदा त्या कोर्टाच्या पायऱ्यांवर तो माझ्याकडे बघून हसला आणि मी पायातली चप्पल काढून त्याच्या तोंडावर मारली. तेही लिहून घेतलं गेलं. मारल्याचं मला आजही वाईट वाटत नाही, एकच मारली याचं वाटतं.

वर्ष सरत आलं. दिल्लीहून काही हललं नव्हतं. वकिलांनी आमच्या कोर्टातून एवढं मात्र मिळवलं, की मुलगी रत्नागिरी जिल्ह्याच्या हद्दीत सापडली तर पोलिसांच्या मदतीने आईच्या ताब्यात द्यावी. ते म्हणाले, "पण तो कशाला तिला हद्दीत आणतोय?"

"शिमग्याला आणेल."

"एवढा मूर्ख आहे?"

"मूर्ख नाही. पण घर बंद ठेवणार नाही. म्हातारीशिवाय ओटी भरायला कोण आहे घरात? आणि ती आली तर पोरीला तिकडे कुणाकडे ठेवेल?"

वकिलांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. मी ज्या गळाला लागले होते, त्याच गळाला तो लागणार होता. दोघांनाही त्याच मातीने वाढवलं होतं.

आणि तो आला. गावातल्या एका बाईने फोन करून सांगितलं, चुलीतून धूर निघतोय.

मी कोर्टाचा बेलीफ आणि एक हवालदार घेऊन गेले. आम्ही गडग्याबाहेर पोचलो आणि नेमकी पालखी अंगणात शिरत होती. हवालदाराने बूट काढले. "पालखी जाऊ दे बाई, मग काय ते करू." मी थांबले नाही. वर्षभर थांबले होते. अंगणात गेले तर खळ्याच्या कडेला पोर उभी, उंच झालेली, केस कापलेले, तिच्या दंडाला धरून तो. ओसरीच्या पायरीवर सासू ओटीचं ताट घेऊन, ताटात तांदूळ, खण, नारळ.

त्याने मला बघितलं. पोरीला सोडून तो माझ्याकडे आला आणि मूठ तोंडावर मारली. पुढचा दात तुटून जिभेवर आला. दुसरी मूठ पोटात बसली आणि मी गुडघ्यावर गेले. त्याने केस धरून माझं डोकं मागे ओढलं. ढोल वाजतच होते. मला आठवतं, वर पालखी हलत होती आणि तिच्यातला देवीचा चांदीचा मुखवटा उन्हात चमकत होता, आणि मी मनात तिलाही शिवी घातली.

मग ताट पडल्याचा आवाज झाला. सासू पायऱ्या उतरून आली होती. तिच्या हातात ओटीचा नारळ होता, शेंडीला धरलेला. तिने तो आपल्या मुलाच्या कपाळावर घातला. नारळ फुटला नाही म्हणून परत घातला. तेव्हा फुटला, की त्याचं कपाळ फुटलं, कोण सांगेल, पण पाणी आणि रक्त एकदमच माझ्या अंगावर उडालं. तो बसला. ढोल थांबले. पालखी धरणारे जागच्या जागी उभे राहिले.

म्हातारी धापा टाकत होती. "मागल्या साली मी तिला जबान दिलेली. देवी दारात असताना तू मना खोटी पाडलंस. वरीसभर त्या खुराड्यात कोंडून ठेवलंस. आता देवी दारात असताना परत हात उचलतंस?" मग ती पालखीकडे वळली आणि रिकामे हात जोडले. "आये, वटीचा नारळ ह्येच्यावर खर्ची पडला. मना माप कर."

पालखी धरणाऱ्यांतला एकजण खालच्या आवाजात म्हणाला, पालखी जड झाली, देवी हलेना. हवालदार अनवाणी पुढे आला आणि त्याने नवऱ्याचा दंड धरला. बेलीफाने खिशातून हुकूम काढून वाचायला घेतला, पण त्याच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

पुढे सासू आमच्या कोर्टात उभी राहिली आणि म्हणाली, मी गुजरातेत राहत नाही, कधी राहणार नाही, आणि कोंडून ठेवलं त्या वर्षात माझ्या मुलाचा पट्टा मी डोळ्यांनी बघितलाय. तिकडचा खटला त्यानंतर लंगडा झाला, अजून कुठेतरी लंगडतोय. तिच्या मुलाने तिच्याशी बोलणं टाकलं. शिमग्याला आता ती एकटीच ओटी भरते. आम्ही दोघी जातो, लांब उभ्या राहतो.

पण त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. मी तोंडातलं रक्त थुंकून हात पुढे केला, तर पोर आली नाही. आजीच्या लुगड्यात शिरली. म्हातारीने तिला ढकलत माझ्यापर्यंत आणलं. जीपमध्ये ती खिडकीला चिकटून बसली, माझ्यापासून शक्य तितकी लांब. लोटे मागे गेलं, घाट आला, गेला. मग बाहेर बघतच तिने विचारलं, "तू हात का सोडलास?"

दात तुटलेल्या जागी जीभ लागत होती. मी म्हटलं, "तुझा हात तुटला असता, बाय."

"तुटला असता तर तुटला असता," ती म्हणाली.

तेव्हा मी रडले. डब्याला, पट्ट्याला, दाराला, मुठीला मी रडले नव्हते. हवालदाराला वाटलं, मार दुखतोय. त्याने पाण्याची बाटली पुढे केली.

आता ती चौथीत आहे. जेटीच्या रस्त्याला बर्फाच्या गाड्यांची वर्दळ असते, म्हणून मी हात पुढे करते. ती माझ्या हातात हात देत नाही. ती माझं मनगट धरते, आपल्या दोन्ही हातांनी, आणि नखं रुतवते. रस्ता ओलांडला तरी सोडत नाही. लिलावात बोली लावायला हात वर केला की मनगटावरचे वण दिसतात आणि शेजारची बाई विचारते, "नवऱ्याचे का गो?" मी सांगते, नाही, माझ्या पोरीचे.